लाल डबा, पत्र्याची शेड आणि उभ्या गाडीची बॅटरी

उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून ऑनलाईन मिळणारा तो लाल चार्जर घ्यावा का, असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय. बारा व्होल्ट, सहा अँपिअर, समोर निळा पडदा, एका बाजूला बारका पंखा, दोन चिमटे, खोक्यावर ठळक अक्षरांत ‘पल्स रिपेअर’ आणि किंमत पंधराशेच्या आसपास. कंपनीचं नाव देत नाही, कारण देऊन उपयोग नाही. तोच डबा, तोच पंखा, तोच पडदा चार निरनिराळ्या नावांची स्टिकरं लावून विकतात. मी ज्या नावाचा मागवला ते नाव आता त्या साईटवर दिसतसुद्धा नाही. डबा मात्र दिसतो.

थोडक्यात मत आधीच सांगते. चार्जर म्हणून चांगला आहे. पण खोक्यावर ‘वर्षभर लावून ठेवा, काळजी सोडा’ असं जे छापलंय, ते आपल्या भागात धरून चालू नका.

आता आमच्याकडची परिस्थिती. घर परभणीत, वसमत रोडच्या बाजूला, अंगणात पत्र्याची शेड. शेडमध्ये धाकट्या भाऊजींची वॅगन-आर. भाऊजी पुण्याला असतात. त्यांच्या सोसायटीत एकाच गाडीची जागा, म्हणून नवी घेतल्यावर जुनी ‘गावाकडं लागतीच की’ म्हणून इथं आणून सोडली. ती महालक्ष्म्यांना आणि दिवाळीला फिरते, एरवी उभी. मी स्कूटीवाली, आमचे हे मोटारसायकलवाले, त्यामुळे तिला हात लावणारं घरात कोणी नाही. दुसरा मामंजींचा जुना ट्रॅक्टर, मानवतच्या बाजूला शेतावर. पेरणी उरकली की सोयाबीन निघेपर्यंत त्याला फारसं काम नसतं. म्हणजे दोन बॅटऱ्या, दोन्ही बसून खाणाऱ्या.

मी जिनिंगमध्ये हिशेब लिहिते. गाडी जागची हलत नाही आणि बॅटरी मात्र रिकामी होते, तर ते जातं कुठं, हा माझ्या दृष्टीनं हिशेबाचाच प्रश्न होता. स्टेशन रोडच्या बॅटरीवाल्या चाचांनी मोजायचं कसं ते दाखवलं. निगेटिव्हची तार सोडायची आणि बॅटरी नि तारेच्या मधे मल्टिमीटर घालायचा, लाल पिन १० अँपिअरच्या खाचेत. साधा पिवळा मल्टिमीटर चालतो. दारं लॉक केल्या केल्या आकडा मोठा दिसतो, कारण गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स लगेच झोपत नाहीत. तोवर चहा घेऊन यावा. आमच्या गाडीचा आकडा शेवटी ०.०७ वर टेकला, म्हणजे ७० मिलिअँपिअर.

घड्याळ, रिमोट लॉक, अलार्म, इंजिनचा कॉम्प्युटर एवढ्यांनी मिळून २० ते ५० मिलिअँपिअर खाल्ले तर ते रीतीला धरून आहे. वरचं कोण खातंय? भाऊजींनी बसवून घेतलेला जीपीएस ट्रॅकर. डॅशबोर्डखालची त्याची वायर सोडली की आकडा ०.०३ वर. पुण्यात बसून, परभणीची गाडी परभणीतच उभी आहे, हे मोबाईलवर बघण्यासाठी ही वीज खर्ची पडत होती. भाऊजींना फोन केला, काढू का म्हणून. “नको वैनी, गाडी कुठंय ते कळतंय ना त्याच्यानं.” बरं.

हिशेब असा. ०.०७ गुणिले २४ तास, दिवसाला १.६८ अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-अवर). वॅगन-आरची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. वीस-एकवीस दिवसांत पार कोरडी, आणि सेल्फ उचलायचं त्याच्या कितीतरी आधी बंद. ट्रॅकर नसता तरी महिन्याला २१-२२ अँपिअर-अवर गेलेच असते, म्हणजे निम्म्याहून जास्त. यात बॅटरी आतल्या आत स्वतःच थोडी उतरते ते वेगळं. तो वेग उष्णतेनं वाढतो, दर १० अंशांना साधारण दुप्पट. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बोनेटला हात लावायचा तर फडकं घ्यावं लागतं. तेव्हा काय होत असेल ते समजून घ्या.

आणि उतरलेली बॅटरी ‘दिवाळीला चार्ज करू’ म्हणून तशीच ठेवता येत नाही. शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं, ते जास्त दिवस राहिलं की कडक होतं आणि मग चार्जिंगला दाद देत नाही. बॅटरी वॉरंटीत असली तरी ‘उभ्या उभ्या उतरली’ म्हटल्यावर दुकानदार हात वर करतो. एका दुकानात मला हे ऐकवलं गेलंय, आणि वॉरंटी कार्डाच्या मागं बारीक अक्षरांत तसं छापलेलंही असतं.

शेजारच्या काकांचा उपाय म्हणजे रोज सकाळी पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवायची. लोक म्हणतात सेल्फ मारण्यातच सगळी बॅटरी जाते. तसं नाही. सेल्फला दीडशे अँपिअर ओढले तरी ते दोन सेकंद, हिशेबात ०.०८ अँपिअर-अवर. खरी अडचण पुढं आहे. नुसत्या चालू ठेवलेल्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालून बॅटरी भरणारा भाग, पूर्ण जोर देत नाही. बॅटरीला १० अँपिअर मिळाले असं धरलं तरी पाच मिनिटांत ०.८. दिवसाचा खर्च १.६८. ट्रॅकर नसलेल्या गाडीत कसंबसं जमा-खर्च जुळेल, आमच्या गाडीत तूटच. वर रोजचं पेट्रोल, इंजिन पुरतं तापतच नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं ते निराळं. गाडी अर्धा-पाऊण तास जिंतूर रोडला फिरवून आणली तर गोष्ट वेगळी. पण फिरवणारं माणूस असतं तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

तर चार्जर. खोक्यातून निघतो तेव्हा हलका वाटतो, पण काम करतो. लावायची पद्धत: आधी लाल चिमटा पॉझिटिव्हला, मग काळा बॅटरीपासून दूर, इंजिनच्या किंवा बॉडीच्या रंग नसलेल्या लोखंडाला, आणि शेवटी बोर्डाचं बटण. काढताना बरोबर उलटं. काळा चिमटा दूर लावायचं कारण म्हणजे चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्क्यांच्या वर गेला की ठिणगी पुरते. शेड उघडी असेल तर प्रश्न नाही, बंद गॅरेज असेल तर शटर वर ठेवा. मामंजींना बिडी घेऊन बोनेटात डोकं घालायची सवय आहे, त्यांना त्या वेळेपुरतं अंगणाच्या टोकाला बसवते. नव्या गाड्यांत निगेटिव्हच्या टर्मिनलवरच एक सेन्सर असतो, त्यांनी तर काळा चिमटा बॉडीलाच लावावा, म्हणजे आत किती भरलं याचा गाडीचा हिशेब चुकत नाही.

पहिल्यांदा लावला तेव्हा बॅटरी १२.१ दाखवत होती. तास-दोन तास शांत राहिलेल्या बॅटरीचं मोजमाप लक्षात ठेवायला सोपं आहे: १२.६ च्या वर भरलेली, १२.४ ला पाऊण, १२.२ ला निम्मी, १२ ला पाव, आणि ११.८ च्या खाली गेली की रिकामीच समजा. पडद्यावर सुरुवातीला पाच-साडेपाच अँपिअर दिसले. सहा कधीच दिसले नाहीत, खोक्यावरचं सोडा. बॅटरीचे व्होल्ट चढत १४.४ पर्यंत गेले, तिथून अँपिअर उतरायला लागले, ही रीत बरोबर आहे. रात्री लावला, पहाटे ‘फुल’. मी मल्टिमीटर लावून बघितलं, १३.६ वर धरून ठेवलं होतं. म्हणजे नुसता बंद पडत नाही, वरचेवर थेंब थेंब देत राहतो. पंधराशेच्या डब्याकडून एवढी अपेक्षा नव्हती. निम्मी उतरलेली ३५ ची बॅटरी भरायला अर्धा युनिटसुद्धा वीज लागत नाही, त्यामुळे बिलाची चिंता करू नका.

चिमट्यांबद्दल मात्र बोलायला पाहिजे. स्प्रिंग ताठ आहे, पकड चांगली, पण दोन जबड्यांपैकी एकालाच तार जोडलेली आहे. दुसरा जबडा नुसता शोभेचा. त्यामुळे तारेचा जबडा टर्मिनलला नीट टेकलाय का बघूनच लावावा, नाहीतर वीज स्प्रिंगमधून वाट काढते आणि चिमटा तापतो. चिमट्यांची वायर दोन फूट, बोर्डाकडची जेमतेम एक मीटर. आमच्या शेडपासून बोर्ड ओसरीत, म्हणजे एक्स्टेन्शन आलंच. ते तीन पिनांचं आणि जाड वायरचंच घ्या. बोनेट पूर्ण लावता येत नाही, फट राहते, आणि फटीतून घुशी. वॅगन-आरच्या वॉशरच्या पाण्याची नळी त्यांनी याआधीच कुरतडलेली आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. लाईट.

एका संध्याकाळी वारं सुटलं आणि लाईट गेली. शेडमध्ये अंधार, आणि बोनेटाच्या फटीतून निळा उजेड. चार्जरचा पडदा चालू! बोर्डात वीज नाही, मग हा कशावर जगतोय? बॅटरीवर. मल्टिमीटर मधे घालून बघितला, ०.०४. म्हणजे लाईट गेली की ज्याला बॅटरी भरलेली ठेवायला बसवलं तोच तिच्यातून ४० मिलिअँपिअर ओढायला लागतो, ट्रॅकरच्या पंगतीला बसून. दोन-तीन तास लाईट गेली तर काही बिघडत नाही, आल्यावर भरून काढतो. परभणी शहरात हल्ली तशी फार जातही नाही. पण शेतावर? तिथं पंपाच्या लाईनीला दिवसाचे काही तासच वीज, त्यातही आठवडा दिवसा आणि आठवडा रात्री. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की ती बदलून येईपर्यंत किती दिवस लागतील ते कोणी सांगू नये. तेवढे दिवस चिमटे लागलेले राहिले तर ट्रॅक्टरची बॅटरी चार्जरनंच उतरवली असं होईल. महागड्या चार्जरमध्ये उलटी गळती एक-दोन मिलिअँपिअरच्या पुढं जात नाही, ही सोय आतल्या एका छोट्या भागानं होते. याच्यात तो भाग नाही, एवढंच.

दुसरी खोड. लाईट परत आली की चार्जर आपोआप चालू होतो, ही चांगली गोष्ट, पण चालू होताना नेहमी मोटारीच्याच मोडवर. यांच्या मोटारसायकलची बारकी बॅटरी दोन अँपिअरच्या मोडवर लावली होती. मधे लाईट जाऊन आली, बघते तर पडद्यावर मोटारीचं चित्र. पाच अँपिअर-अवरच्या बॅटरीत पाच अँपिअर! मी तिथंच होते म्हणून काढला. मोटारसायकलसाठी हा लावून झोपू नका.

उन्हाचीही एक अडचण आहे. चार्जिंगचे व्होल्ट साधारण २५ अंशांच्या हिशेबानं ठरवलेले असतात. त्याच्या वर दर अंशाला ते जवळपास ०.०२ नं कमी व्हायला पाहिजेत. म्हणजे ४२ अंशांना १४.४ ऐवजी १४.१ च्या आसपास. याच्या पडद्यावर सूर्याचं आणि बर्फाचं चित्र आहे, आपोआप बदलतो म्हणे. पण त्याचं तापमान मोजणारं डब्याच्या आत, पंख्याशेजारी, बॅटरीजवळ नाही. मे महिन्यात दुपारी मोजले तर बॅटरीवर १४.५. त्यानं पाणी उडतं. आमच्या बॅटरीला झाकणं आहेत म्हणून डिस्टिल वॉटर घालता येतं, सीलबंदवाल्यांना तीही सोय नाही. आणि त्या सीलबंद बॅटरीवरचा, ती भरलीय असं दाखवणारा हिरवा डोळा बघून निश्चिंत होणाऱ्यांना सांगते, तो डोळा बॅटरीच्या सहा घरांपैकी (म्हणजे सेलपैकी) एकाच घरात बसवलेला असतो. बाकी पाच घरांचं त्याला काही ठाऊक नसतं. उन्हाळ्यात चार्जिंग रात्री जेवणं झाल्यावर लावावं आणि सकाळी पत्रा तापायच्या आत काढावं.

राहिलं ‘पल्स रिपेअर’, म्हणजे विजेचे झटके देऊन जुनी बॅटरी उठवायचा दावा. ट्रॅक्टरची बॅटरी सेल्फ उचलत नाही, म्हणून तो बऱ्याच दिवसांपासून बांधाच्या उतारावर उभा असतो, मागच्या चाकाला दगड. दगड काढायचा, ट्रॅक्टर घरंगळला की क्लच सोडायचा. आमच्याकडं निम्म्या शिवारात ट्रॅक्टर असेच उठतात. मामंजींनी खोक्यावरचं वाचून घेतलं होतं. “पल्स दी त्याला, नवी घ्यायची कशाला?” बॅटरी ट्रॅक्टरमधून उतरवून घरी आणली, कारण पल्स देताना व्होल्ट वर जातात आणि गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जोडलेली नकोत. जुन्या ट्रॅक्टरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स काय असणार म्हणा, पण शेतावर लाईट नव्हती. रात्रभर लावली. पंखा काही थांबला नाही, सकाळी झाकणं उघडली तर पाच घरांत बुडबुडे आणि एक घर गप्प. चिमटे काढून ठेवल्यावर तासाभरात मल्टिमीटर १०.५ वर येऊन थांबला.

एका घराचे २.१ व्होल्ट. सहा घरांचे १२.६, पाचांचे १०.५. तरी खात्री करायला चाचांकडं नेली. त्यांनी हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायची नळी, एकेका घरात बुडवला, पाचांत १.२५० च्या वर आणि त्या एकात १.१०० देखील नाही. “ताई, एक घर गेलंय ह्याचं. पल्स द्या नायतर सलाईन द्या, ते उठत नसतंय.” जुनी जमा करून नवी घेतली. पल्सनं नुकतं जमायला लागलेलं सल्फेट थोडं सुटत असेल, पण आमच्या वॅगन-आरच्या बॅटरीला देऊनही मला काही फरक मोजता आला नाही. ते बटण चार्जरवर फुकट आलंय असं समजा आणि त्यासाठी पैसे मोजू नका.

डॅशबोर्डवर ठेवायच्या छोट्या सोलर पॅनेलचंही पुष्कळ जण विचारतात. गाडी उन्हात उभी असेल तर विचार करा, शेडमध्ये त्याचा उपयोग नाही. शिवाय कितीतरी गाड्यांत किल्ली काढली की सिगारेट लायटरचा सॉकेट बंद होतो, मग पॅनेलची वीज जाणार कुठून? इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही हसू नये. मोठी बॅटरी भरलेली असली तरी दारं, पडदे, कॉम्प्युटर चालवायला त्यांच्या गाडीतही वेगळी बारा व्होल्टची बॅटरी असते, आणि ती उतरली की गाडी उघडतानाच पंचाईत.

आता माझी रीत. रात्रभर चार्ज करायचं, सकाळी चिमटे काढायचे आणि १० नंबरचा पाना घेऊन निगेटिव्हचं टर्मिनल ढिलं करून तार बाजूला फडक्यात गुंडाळून ठेवायची. गळती शून्य. मग उन्हाळ्यात महिन्यानं आणि थंडीत दोन महिन्यांनी एकदा परत चार्ज केलं तरी भागतं. तार सोडण्याआधी दार किल्लीनं उघडतंय ना ते बघून घ्या, कारण नंतर रिमोट चालणार नाही. जोडल्यावर घड्याळ लावावं लागतं, रेडिओची स्टेशनं परत शोधावी लागतात, काही गाड्यांत काचेचं आपोआप वर जाणंही नव्यानं शिकवावं लागतं. ट्रॅकरही बंद होतो. दुसऱ्याच दिवशी भाऊजींचा फोन, “वैनी, गाडी मोबाईलवर दिसंना गेलीय.” म्हटलं, “मला दिसायलीय की.”

मग घ्यावा का? ज्यांची एकच गाडी आहे आणि ती पंधरा दिवस-महिना उभी राहते, त्यांनी पंधराशे खर्चू नयेत, पाना पुरेसा आहे. दोन-तीन वाहनं उभी असतील, किंवा चार्जिंगसाठी दर वेळी बॅटरी उतरवून रिक्षात घालून दुकानात न्यावी लागत असेल, तर जरूर घ्या. ३५ ची नवी बॅटरी चार हजारांच्या पुढं जाते, एक जरी वाचली तरी पैसे वसूल. गाडी अधूनमधून निघते म्हणून तार सोडणं जमत नाही, आणि चार्जर कायम लावूनच ठेवायचाय, असं असेल तर हा नको, थोडे जास्त पैसे घालून उलटी गळती नसलेला बघा. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा चिमट्याचा कापला, एक त्या निळ्या पडद्याचा.

घेताना विकणाऱ्याला दोन प्रश्न नक्की विचारा: चिमटे बॅटरीला लावून बोर्डाचं बटण बंद केलं तर पडदा विझतो का, आणि वीज परत आल्यावर आधीचाच मोड राहतो का. उत्तर गोलमाल आलं तर व्हिडिओ करून पाठवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, खरं विकणारा पाठवतो.